तिला विचारलंत का?

आदरणीय ताई,

माझी मुलगी 13 वर्षांची आहे. ती वर्षाची व्हायच्या आतच थॅलसेमिया मेजरचं, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि अंगात साठणारं लोह उतरवायला रोज गोळ्या घ्यायच्या, असं चाललंय. मी आणि माझा नवरा दोघंही वाहक आहोत हे तिच्या निदानानंतरच कळलं. नवऱ्यानं हल्ली क्रिस्परबद्दल, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्राबद्दल, बरंच वाचलंय. त्याचं म्हणणं, जनुक दुरुस्त केलं की आजार मुळापासून जातो, मग थांबायचं कशाला? शिवाय आम्हाला दुसरं मूल हवंय. त्याचं जनुक भ्रूण असतानाच दुरुस्त करून घेऊ आणि जमलं तर त्या बाळाचा बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) मोठीला देऊ, असा त्याचा बेत आहे. 'तेवढ्यात उंचीचंही बघून घेऊ' असं तो हसत म्हणतो; मला हसू येत नाही. सासरे फार मायाळू आहेत, स्वतः मधुमेहासाठी रोज इन्शुलिन घेतात. पण ते म्हणतात, माणसानं सृष्टीच्या घडणीत हात घालू नये, त्याची फळं पुढच्या पिढ्यांना भोगावी लागतात. नणंदेचं मत, जीएम म्हणजे जनुक बदललेलं काहीही असो, त्यातून कॅन्सरच होतो. मला रात्र रात्र झोप लागत नाही. यांच्यात बरोबर कोण? आणि दोघांच्या रक्तात दोष असताना दुसऱ्या मुलाचा विचार करणं पाप आहे का?

– एक आई

नमस्कार,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, सासऱ्यांचं आहे, नणंदेचं आहे. तुमची भीतीही ओळीओळीत आहे. ज्या मुलीच्या अंगावर हे उपचार व्हायचे, ती 13 वर्षांची मुलगी काय म्हणते याबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी ठपका ठेवत नाही. इतकी वर्षं तिच्या वतीनं सगळं तुम्हीच ठरवत आलात, त्याची सवय होते. पण माझं उत्तर बरंचसं त्या न लिहिलेल्या ओळीभोवती फिरणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

झोप उडवणारी गोष्ट आधी घेऊ. वाहक असणं हा आजार नाही आणि ते कुणाच्या करणीचं फळही नाही. बीटा ग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा एक भाग तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. तुमच्याकडे एक चांगली, एक बिघडलेली. तुमच्या नवऱ्याकडेही तसंच. दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली की मेजर होतो; मुलीचं तेच झालं. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी 1949च्या सुमारास एक तर्क मांडला होता. भूमध्य समुद्राकाठच्या मलेरियाग्रस्त भागात थॅलसेमियाचे वाहक इतके जास्त का सापडतात? तर एकच बिघडलेली प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असावं, म्हणून. पुढच्या संशोधनातून या तर्काला बळ मिळत गेलं. म्हणजे ज्याला तुम्ही रक्तातला दोष म्हणता, त्यानं तुमच्या कुणा पूर्वजाला तापातून वाचवलंही असेल. दुसरं मूल हवंसं वाटणं पाप नाही. धोका मात्र माहीत हवा: प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता मेजरची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण मोकळ्या मुलाची. हा हिशेब दर वेळी नव्यानं सुरू होतो. पहिलीला झालं म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही, आणि त्याचा धोका वाढतही नाही.

आता घरातल्या वादाकडे. जनुकीय अभियांत्रिकी या एका नावाखाली तुमच्याकडे चार निरनिराळ्या गोष्टींवर भांडण चाललंय: मुलीवरचा उपचार, दुसऱ्या बाळाचा मॅरो, भ्रूणाचं जनुक बदलणं आणि जीएम पिकं. त्यामुळे प्रत्येक जण बरोबर आहे आणि प्रत्येक जण चुकतोयही. प्रत्येक गोष्टीपुढे मी एकच प्रश्न ठेवते: बदल कुणाच्या शरीरात होणार, आणि त्या माणसाला आधी विचारता येतं का?

मुलीच्या उपचारावर जरा थांबावं लागेल. तुमच्या नवऱ्यानं वाचलेली बातमी खरी आहे. क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला, त्याचं व्यापारी नाव कॅसजेव्ही, ब्रिटननं नोव्हेंबर 2023मध्ये सिकलसेल आणि थॅलसेमिया या दोन्हींसाठी परवानगी दिली. अमेरिकेनं थॅलसेमियासाठी जानेवारी 2024मध्ये दिली. पण 'जनुक दुरुस्त होतं' हे त्यांचं वाक्य बरोबर नाही, आणि ही बारकी चूक पुढे महागात पडू शकते. या उपचारात बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाहीत. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते वेगळ्या जनुकांवरून तयार होतं. जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल11ए नावाचा एक घटक ते हळूहळू बंद पाडतो. तुमच्या मुलीला पहिले काही महिने काहीच जाणवलं नाही ते या गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमुळेच. उपचारात तिच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत त्यांच्यातला बीसीएल11ए रक्तपेशींपुरता ढिला करतात आणि त्या परत देतात. मग ते लहानपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि काम भागतं.

निकाल उत्साह वाटावा असेच आहेत. 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थॅलसेमियाच्या 52 रुग्णांना हा उपचार दिला होता. ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवून झालं होतं अशा 35 जणांपैकी 32 जणांना किमान वर्षभर रक्त चढवावं लागलं नाही. दर तीन आठवड्यांनी हातात सुई टोचून घेणाऱ्या मुलीसाठी याचा अर्थ काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता बातमीत शेवटच्या परिच्छेदात असतं ते. सुधारलेल्या पेशींना जागा मिळावी म्हणून आधीचा मॅरो बसल्फान नावाच्या जोरदार केमोथेरपीनं रिकामा करावा लागतो. केस जातात, तोंडात फोड येतात, काही आठवडे प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते आणि ते दिवस इस्पितळाच्या वेगळ्या खोलीत काढावे लागतात. हा धोका क्रिस्परचा नसून केमोचा आहे, पण सोसणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? बसल्फान अंडाशयांनाही मारक ठरू शकतं. म्हणजे पुढे तिला मूल होण्याची शक्यता कमी होते किंवा संपते. बीजांडं किंवा अंडाशयाचा तुकडा आधीच गोठवून ठेवता येतो, पण ते केमोच्या आधी, आणि तेही तिच्याशी बोलून. 13 वर्षांच्या मुलीशी हा विषय काढायला संकोच वाटतो, मान्य. तरी तो टाळून सही केलीत तर 25व्या वर्षी ती जे विचारेल, त्याला तुमच्यापाशी उत्तर नसेल.

'दुरुस्त' या शब्दाचा दुसरा तोटा असा. उपचार यशस्वी झाला तरी बदल फक्त तिच्या रक्तात असेल. बीजांडांमध्ये दोन्ही बिघडलेल्या प्रती तशाच राहतील. म्हणून तिच्या प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत मिळेलच, आणि जोडीदार वाहक असेल तर निम्मी शक्यता मेजरची. बरी झाले म्हणजे विषय संपला असं समजून ती मोठी व्हायला नको. गंमत अशी, की तुमच्या सासऱ्यांची पुढच्या पिढ्यांबद्दलची काळजी या उपचाराला लागूच होत नाही. बदल तिच्यापाशी सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो.

यावर उतारा काय, तर दुसरेही मार्ग आहेत हे विसरू नका. 2022मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या झिंटेग्लो या उपचारात निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीनं चांगल्या जनुकाची जादा प्रत पेशींत घालतात. केमो तिथेही आहेच. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणाऱ्या भावंडाचा मॅरो मिळाला तर ट्रान्सप्लांट हा त्याहून जुना आणि जास्त अनुभव असलेला उपाय आहे; थॅलसेमियावर तो 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून होतोय. वय कमी असताना, साधारण 14च्या आत, आणि यकृत-हृदयात लोह फारसं साठलेलं नसताना त्याचे निकाल जास्त चांगले येतात. परक्या पेशी तिच्या शरीरावर उलटण्याचा धोका त्यात असतो. स्वतःच्याच पेशी वापरल्या की तो नसतो. आणि चौथा मार्ग, जो कुणी मार्ग म्हणून मोजत नाही: आत्ता चाललंय ते नीट चालू ठेवणं. वेळेवर रक्त, रोजच्या गोळ्या, फेरिटिनवर (साठलेलं लोह दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर) नजर, हृदय-यकृताचं एमआरआय. या शिस्तीवर माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. क्रिस्परसाठी दोन-चार वर्षं थांबलात तर तुम्ही हलगर्जी आई ठरत नाही. लोहाकडे दुर्लक्ष केलंत तर मात्र पुढचे सगळेच दरवाजे अरुंद होतात.

थांबण्याचा मुद्दा भित्रेपणातून काढत नाही. थॅलसेमियाच्या पहिल्या रुग्णाला हा क्रिस्परचा उपचार 2019मध्ये मिळाला. म्हणजे पन्नाशीत या पेशी कशा वागतील हे पाहायला अजून कुणी पन्नाशी गाठलेलीच नाही. उपचार घेतलेल्यांवर 15 वर्षं लक्ष ठेवायचं असं ठरलंय ते उगीच नाही. जनुकोपचाराच्या इतिहासात असे धक्के बसलेले आहेत. 2000च्या आगेमागे पॅरिस आणि लंडन इथे जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या 20 मुलग्यांवर विषाणूच्या मदतीनं उपचार झाले. बहुतेकांची प्रतिकारशक्ती जागी झाली आणि जगभर आनंद झाला. मग एकेक करत पाच जणांना रक्ताचा कर्करोग झाला, त्यातला एक दगावला. घातलेलं जनुक नेमकं कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसलं होतं. नंतरचे विषाणू या अनुभवावरून बदलले गेले. तरीही सिकलसेलवरच्या लिफजेनिया या 2023च्या उपचाराला अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापावा लागतो. तेव्हा नणंदेचं वाक्य पिकांबद्दल असेल तर त्याला आधार नाही, पण जनुकोपचाराबद्दल ते योगायोगानं खऱ्याच्या जवळ जातं.

पिकांचं दोन ओळींत आटपते, कारण तुमच्या मुलीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2016मध्ये शेकडो अभ्यास चाळून अहवाल दिला. बाजारात असलेली जीएम पिकं खाल्ल्यानं कर्करोग वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या पिकांबद्दलचे खरे प्रश्न तणनाशकांना दाद न देणाऱ्या तणांचे आणि बियाण्याची मालकी कुणाची याचे आहेत. त्यावर नणंदेशी जरूर भांडा, फक्त मुलीच्या खोलीबाहेर.

आणखी एक घटना सांगते, कारण ती तुमच्या नवऱ्यानं वाचलीच पाहिजे. 1999मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाच्या 18 वर्षांच्या तरुणानं यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरच्या जनुकोपचाराच्या चाचणीत स्वतःहून भाग घेतला. त्याचा आजार औषधं आणि पथ्यावर बऱ्यापैकी आटोक्यात होता. टोचलेल्या विषाणूविरुद्ध शरीर इतकं पेटून उठलं की चार दिवसांत तो गेला. त्यानं संमती दिली होती, स्वतःच्या हातानं सही केली होती. चौकशीत निघालं की आधीच्या रुग्णांना आणि प्राण्यांना झालेला त्रास त्याला नीट सांगितलेला नव्हता, आणि प्रमुख संशोधकाचे त्या तंत्राशी निगडित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. विचारणं म्हणजे सही घेणं एवढंच नसतं. तुमच्या मुलीला काय काय बिघडू शकतं हे कळलेलं नसेल तर तिचा होकारही अर्धाच.

बाळाच्या मॅरोच्या बेताकडे येते. ही कल्पना नवी नाही. 2000मध्ये अमेरिकेत फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा मॅरो निकामी करणारा आनुवंशिक आजार असलेल्या बहिणीसाठी जुळणारा भाऊ भ्रूण निवडून जन्माला आला आणि त्याच्या नाळेतलं रक्त तिच्या कामी आलं. यात जनुकात बदल कुठेच नव्हता, फक्त निवड होती. पण आकडे बघा: भ्रूणाला मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, एचएलए जुळण्याची चारात एक. दोन्ही एकत्र यायची शक्यता 16 मध्ये 3. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) एका फेरीत मोजकीच भ्रूणं मिळतात, त्यामुळे अनेक फेऱ्या, हार्मोनची इंजेक्शनं आणि निराशा तुमच्या वाट्याला येणार, नवऱ्याच्या नाही. शिवाय यात सहज दोन वर्षं जातील. लेक आत्ता 13ची आहे, मघाचा वयाचा मुद्दा आठवा.

नैतिक बाजूवर लोक म्हणतात, दाता म्हणून मूल जन्माला घालणं वाईट. मला ते सरसकट पटत नाही. मुलं लोक कितीतरी कमी चांगल्या कारणांसाठी जन्माला घालतात. नाळेतलं रक्त घेण्यात बाळाला काही इजा नाही. पण ते पुरलं नाही आणि दोन वर्षांच्या पोराला भूल देऊन मॅरो काढायची वेळ आली तर? आणि एवढं करून उपचार फसला तर ते मूल घरात कोण म्हणून वाढेल? नवऱ्याला एकच प्रश्न विचारा: एचएलए न जुळणारं, पण निरोगी भ्रूण हाती आलं तर तुला ते मूल हवंय का? उत्तर 'हो' असेल तर बेत करण्यासारखा आहे. उत्तर द्यायला तो अडखळला तर अजून थांबा.

भ्रूणातलं जनुक बदलायला मात्र माझा विरोध आहे, आणि त्यात मला फारशी शंका नाही. पहिलं कारण अगदी व्यवहाराचं: तुम्हाला त्याची गरजच नाही. तुमच्या भ्रूणांपैकी सरासरी चारातली तीन मेजरपासून मुळातच मोकळी असणार. गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाची चाचणी करून त्यातलं एक निवडता येतं. ही चाचणी 1990पासून वापरात आहे. आयव्हीएफ नको असेल तर नेहमीसारखी गर्भधारणा होऊ द्या आणि 11व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना किंवा 15व्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून घ्या. नको तो निकाल आला तर काय करायचं हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलेलं बरं, तो निर्णय मी तुमच्यासाठी घेणार नाही. सांगायचं एवढंच, की जनुक बदलल्याशिवाय निरोगी मूल होणं शक्य नाही अशी जोडपी अगदी विरळा आहेत आणि तुम्ही त्यांच्यातले नाही.

दुसरं कारण तंत्राचं. 2020मध्ये न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी मानवी भ्रूणांवर क्रिस्पर वापरून पाहिलं. अनेक भ्रूणांमध्ये काप दिलेलं ते गुणसूत्रच संपूर्ण किंवा अर्धवट नाहीसं झालं. रक्तपेशींत अशी चूक झाली तर बिघडलेल्या पेशी हजारोंतल्या काही असतात. भ्रूणात ती चूक म्हणजे अख्खं मूल.

तिसरं कारण तेच, माझं नेहमीचं. नोव्हेंबर 2018मध्ये 'हे ज्यानक्वी' नावाच्या चिनी शास्त्रज्ञानं जाहीर केलं की त्यानं जुळ्या मुलींचं सीसीआर5 हे जनुक (एचआयव्ही पेशीत शिरायला ज्याचा आधार घेतो ते) भ्रूणावस्थेत बदललं, त्यांना एचआयव्ही होऊ नये म्हणून. वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्राणू धुऊन घेण्याच्या साध्या रीतीनं तो धोका आधीच टळला होता. बदलही ठरवल्यासारखा झाला नाही. काही पेशींत एक, काही पेशींत दुसराच झाल्याच्या खुणा दिसल्या. शिवाय सीसीआर5 नसलेल्या माणसाला डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा आजार जास्त जोराचा होतो हे तेव्हाही माहीत होतं. त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुली मात्र काही गुन्हा नसताना जन्मभर तपासणीच्या छायेत राहणार, आणि त्यांना मुलं झाली तर तो बदल त्यांच्याकडेही जाऊ शकतो. यात कुणाला विचारायचं होतं? जी माणसं अजून नाहीत त्यांना. युरोपातल्या अनेक देशांनी मान्य केलेल्या 1997च्या ओव्हिएदो करारात असा वारशानं उतरणारा बदल निषिद्ध ठरवला आहे तो याचसाठी.

उंचीबद्दल नवरा चेष्टेतच बोलला असणार. तरी त्यांना सांगा, 2022मध्ये पन्नास लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासून उंचीशी निगडित 12 हजारांवर जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा केसाएवढा. बघून घेणार काय आणि किती?

इथे तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला मनापासून बरोबर वाटतं, जरी ते वेगळ्या गोष्टीला लावत असले तरी. चांगल्या वंशाची माणसं घडवण्याच्या कल्पनेला फ्रान्सिस गाल्टननं 1883मध्ये शास्त्राचं नाव दिलं. 1927मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'अयोग्य' ठरवलेल्यांची सक्तीनं नसबंदी करायला मान्यता दिली आणि तिथे अशा 60 हजारांहून जास्त नसबंद्या झाल्या. जर्मनीत त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोण जन्मावं हे ठरवण्याची ताकद आली की ती वापरणाऱ्याला आपण उपकारच करतोय असं वाटत असतं. म्हाताऱ्या माणसाच्या भीतीला असा पूर्वेतिहास आहे, ती अडाणीपणात काढू नका. त्यांच्या इन्शुलिनबद्दल मात्र प्रेमानं सांगायला हरकत नाही. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1978मध्ये माणसाच्या इन्शुलिनची कृती जिवाणूंत घालण्यात यश आलं आणि 1982मध्ये ते औषध म्हणून मान्य झालं. आज जगभर वापरलं जाणारं इन्शुलिन बहुतेक सगळं असंच, जनुक बदललेल्या जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून येतं. चारचौघांत त्यांना खिंडीत पकडायला ही माहिती वापरू नका. एकटे असताना सांगा आणि विचारा, 'मग नातीच्या रक्ताचं काय करावं?' मला वाटतं, ते तुमच्या नवऱ्यापेक्षा चांगलं उत्तर देतील.

खर्चाचं टाळून चालणार नाही. कॅसजेव्हीची अमेरिकेतली जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे, झिंटेग्लोची 28 लाख. थॅलसेमिया ज्या प्रदेशांत सर्वाधिक आहे, त्यातल्या बहुतेकांना हे परवडण्यासारखं नाही. जनुकीय अभियांत्रिकीबद्दल मला सगळ्यात अनैतिक काय वाटतं विचाराल तर हेच, प्रयोगशाळेतली कात्री नव्हे. तुमच्या हाती यातलं थोडंच आहे. सरकारी योजना, विमा, चालू असलेल्या चाचण्या यांची चौकशी रक्तविकारतज्ज्ञाकडून करून घ्या. मान्यता नसलेला 'स्टेम सेल उपचार' स्वस्तात करतो असं कुणी म्हणालं, चाचणी म्हणून पैसे मागितले, किंवा आधीचे निकाल दाखवायला टाळाटाळ केली, तर तिथून उठून या. आणि मदतनिधी उभारायचा ठरलंच तर तिचा फोटो, नाव, आजार इंटरनेटवर टाकण्याआधी तिची परवानगी घ्या. उपचार होईल न होईल, ते पान तिच्या मैत्रिणींना, पुढे मालकाला आणि सासरच्यांना सापडत राहील.

आता तिच्याशी बोलायचं कसं? घरातल्या जेवणाच्या वेळी चौघांसमोर नको. रक्त चढवताना तीन-चार तास मिळतातच, त्यातला एखादा तास तिच्या डॉक्टरांना मागून घ्या आणि त्यातली काही मिनिटं तुम्ही दोघं बाहेर थांबा. तुमच्यासमोर ती तुम्हाला बरं वाटेल तेच बोलण्याची शक्यता जास्त. केस जाणं, शाळेचं वर्ष बुडणं, पुढे मूल होण्याचा प्रश्न, आणि उपचार न घेणं हासुद्धा एक पर्याय आहे हे, सगळं तिच्या कानावर तिथे जाऊ द्या. ती 'नको' म्हणाली तर वर्षभरानं पुन्हा विचारा. मधल्या काळात फक्त लोह सांभाळा. कायद्यानं सही तुमचीच लागेल, पण तिचा नकार असताना मी तरी सही करणार नाही. जीव तातडीच्या धोक्यात असता तर वेगळं बोलले असते. तसं नाही.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा. दुसऱ्या बाळाच्या चर्चेत 'असं मूल पुन्हा नको' ही वाक्यं घरात उडत असतील. 13 वर्षांची मुलगी भिंतीपलीकडून सगळं ऐकते, आणि तिच्या कानांत 'असं' म्हणजे तीच असते. दोघं मिळून तिच्याजवळ बसा आणि सांगा की आम्हाला सुया, लोह आणि इस्पितळ पुन्हा कुणाच्या वाट्याला यायला नकोय, तू नकोशी होतीस असं कधीच नव्हतं. ती कदाचित खांदे उडवून मोबाइलकडे वळेल. तरी सांगा. आणि भ्रूण चाचणी करायचं ठरलं तर वाहक भ्रूणं बाजूला काढायला सांगू नका. तुम्ही दोघं तसेच आहात आणि ठणठणीत आहात.

पुढच्या भेटीला जाताना तिच्या गेल्या दोन वर्षांचे फेरिटिनचे आकडे, शेवटचा एमआरआय आणि तिघांचे एचएलए अहवाल सोबत न्या. केले नसतील तर आधी ते करून घ्या. त्याशिवाय यातला कुठला मार्ग तिच्यासाठी खुला आहे हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

– तुमची ताई